बेसबॉल अमेरिकेबाहेर रुजला कुठे आणि कुणामुळे?

तिसरा अंपायर (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी बिनधास्त लिहून गेलं, की जपानात बेसबॉल दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी नेला. तिथेच उत्तर देत होतो, पण प्रतिसाद मारुतीच्या शेपटासारखा वाढत गेला, म्हणून हा वेगळा धागा.

अमेरिकन सेनापती मॅकआर्थर जपानात उतरला १९४५ साली. तोपर्यंत जपानी पोरांना बेसबॉल खेळायला लागून सत्तर वर्षं उलटून गेली होती. १८७२ मध्ये होरेस विल्सन नावाचा अमेरिकन मास्तर टोकियोच्या एका सरकारी शाळेत शिकवत होता. पुढे याच शाळेतून टोकियो विद्यापीठ उभं राहिलं. पोरं दिवसभर पुस्तकात डोकं घालून बसतात, अंगाला व्यायाम म्हणून नाही, हे पाहून त्याने त्यांना बॅट-बॉल दिला. पण मास्तरांनी शाळेत शिकवलेलं किती टिकतं ते आपण जाणतोच. खेळाचा पहिला क्लब काढला तो हिराओका हिरोशी या जपानी माणसाने. अमेरिकेत जाऊन रेल्वेचं काम शिकला, येताना बेसबॉलचं वेड घेऊन आला आणि १८७८ मध्ये टोकियोत शिंबाशीला रेल्वेतल्या मंडळींचा क्लब सुरू केला.

खरी गंमत १८९६ ची. योकोहामा बंदरात परदेशी व्यापाऱ्यांची वस्ती होती. जपानच्या गळ्यात मारलेल्या करारांमुळे या गोऱ्यांना जपानी कायदाच लागू नव्हता. त्यांचा स्वतःचा क्लब, स्वतःचं मैदान, आणि तिथे जपानी माणसाला खेळायला मज्जाव. टोकियोतल्या 'इचिको' या विद्यापीठपूर्व शाळेची पोरं या क्लबला सामन्याचं आव्हान देत राहिली आणि क्लबाने त्यांना कित्येक वर्षं हिंग लावून विचारलं नाही. अखेर २३ मे १८९६ ला सामना झाला. इचिको २९, योकोहामा ४!

गोरे पेटले. त्यांनी परतीचा सामना मागितला आणि बंदरात उभ्या अमेरिकन युद्धनौकांवरचे खलाशी संघात भरले. यावेळी इचिको ३२, योकोहामा ९. शेवटी ४ जुलैला, म्हणजे स्वतःच्या स्वातंत्र्यदिनी, अमेरिकनांनी १४-१२ असा कसाबसा एक सामना काढला. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. वर्तमानपत्रांतून बातमी देशभर पोचली आणि शाळाशाळांतून संघ निघाले. साहेबाला त्याच्याच मैदानावर, त्याच्याच खेळात लोळवलं म्हटल्यावर तो खेळ परका कशाला राहील?

(हायकूप्रेमींसाठी: आधुनिक हायकूचा प्रवर्तक मासाओका शिकी हा बेसबॉलचा कट्टर खेळाडू होता, कॅचर (म्हणजे आपला विकेटकीपर). क्षयाने अंथरुणाला खिळला तरी बेसबॉलवर कविता करत राहिला. २००२ मध्ये जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे नामवंतांच्या मानाच्या यादीत, त्याचं नाव लागलं. कवीला क्रीडासन्मान मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.)

आता जगाच्या दुसऱ्या टोकाला, क्यूबात. तिथेही अमेरिकन सैन्य १८९८ साली आलं, आणि तिथेही बेसबॉल त्याच्या कितीतरी आधी पोचला होता. नेमेसिओ गियो नावाचा श्रीमंताघरचा मुलगा अलाबामात मोबीलच्या कॉलेजात शिकून १८६४ मध्ये हवानाला परतला, तो पेटीत बॅट आणि बॉल घेऊन. चारच वर्षांत क्यूबाचं स्पेनविरुद्धचं पहिलं मोठं युद्ध पेटलं आणि ते दहा वर्षं चाललं. स्पॅनिश राज्यकर्त्यांची करमणूक म्हणजे बैलझुंज. तिला जाणारा तो स्पेनचा आणि बेसबॉलला जाणारा तो क्यूबाचा, अशी सरळ वाटणी झाली. बेसबॉलच्या सामन्याला बायका येत, सामन्यानंतर नाच-गाणी होत, आणि त्या गर्दीत स्वातंत्र्यासाठी वर्गणीही गोळा होई. सरकारला संशय येणारच. त्याने बंदीही घालून पाहिली.

१८७४ च्या २७ डिसेंबरला मातान्सासच्या पाल्मार दे हुन्को मैदानावर हवानाने मातान्सासला ५१-९ असं झोडपलं. आज क्रिकेटचा वाटावा असा हा धावफलक. हवानाच्या संघात एस्तेबान बेयान होता, जो त्याआधी १८७१ पासून अमेरिकेतल्या व्यावसायिक संघातून खेळला होता. १८७८ मध्ये क्यूबाची स्वतःची लीग सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी एमिलिओ साबुरिनला स्पेनने बंडखोर म्हणून पकडलं आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सेउता इथल्या तुरुंगात टाकलं. १८९७ मध्ये तो तिथेच वारला.

युद्धाला कंटाळून जे क्यूबन देश सोडून गेले ते आपला खेळ बरोबर घेऊन गेले. डोमिनिकन प्रजासत्ताकात बेसबॉल त्यांनी नेला, मेक्सिकोच्या युकातानमध्येही त्यांनीच. म्हणजे कॅरिबियनमध्ये या खेळाचा खरा प्रचारक अमेरिका नसून क्यूबा आहे.

आता उलट बाजू बघा. अमेरिकेने मुद्दाम, ठरवून, पैसा ओतून नेला तिथे काय झालं? आल्बर्ट स्पॉल्डिंग हा जुना पिचर (चेंडू टाकणारा), नंतर खेळाच्या सामानाचा मोठा कारखानदार. १८८८-८९ मध्ये दोन अख्खे संघ घेऊन तो जगाच्या फेरीला निघाला. ऑकलंड, सिडनी, मेलबर्न, कोलंबो, मग इजिप्त, इटली, पॅरिस, लंडन. गिझाच्या पिरॅमिडपाशी वाळूत सामना खेळले, स्फिंक्सच्या अंगाखांद्यावर चढून फोटो काढला. लंडनच्या ओव्हलवर खुद्द युवराज बघायला आला. गाजावाजा भरपूर झाला, पण बॅटी काही खपल्या नाहीत. या दौऱ्यात जपानही नव्हतं आणि क्यूबाही नव्हता!

फिलिपिन्सवर तर अमेरिकेने जवळजवळ पन्नास वर्षं राज्य केलं. शाळांतून बेसबॉल शिकवला, सुरुवातीला चाललाही. आज तिथल्या गल्लीबोळांत बास्केटबॉलचे बोर्ड लटकलेले दिसतात.

तर माझं म्हणणं एवढंच, की कुणीतरी आणून दिला म्हणून बेसबॉल रुजला नाही. ज्यांना तो कुणाच्या तरी नाकावर टिच्चून खेळायचा होता, त्यांनी तो आपणहून उचलला. जाणकारांनी भर घालावी, न पटल्यास ठोकावं.

नेमस्त

वाखुसा (वाचनखूण साठवली). लेख आवडला, पण आमच्यासारख्या अडाण्यांसाठी दोन ओळींत नियम सांगाल का? २९-४ म्हणजे नक्की २९ काय?

तिसरा अंपायर

@नेमस्त, २९ धावा. चार बेसचा चौकोन, पूर्ण फेरी मारून घरी आलात की एक धाव. नऊ इनिंग, दर इनिंगला प्रत्येक संघाचे तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. मारण्याजोगा चेंडू हुकला की स्ट्राइक, तीन स्ट्राइक झाले की बाद. चेंडू दोन रेषांच्या आतच मारायचा, मागे मारलेल्याचं काही मिळत नाही. लेट कट मारणाऱ्याची उपासमार होईल.

कोबेकर

जपानात बरीच वर्षं आहे, घरापासून कोशिएन स्टेडियम लोकलच्या अंतरावर, त्यामुळे राहवत नाही.

तिसरा अंपायर यांनी विद्यार्थ्यांपाशी गोष्ट थांबवली. त्यापुढची गोष्ट वर्तमानपत्रांची आणि रेल्वे कंपन्यांची आहे. १९११ मध्ये टोकियोच्या असाही वर्तमानपत्राने बेसबॉलविरुद्ध मालिका चालवली होती, पोरं बिघडतात म्हणून. नितोबे इनाझोसारख्या विचारवंताने त्याला खिसेकापूंचा खेळ म्हटलं, कारण यात सारखं समोरच्याला फसवायचं, बेस चोरायचा! आणि १९१५ मध्ये त्याच असाहीच्या ओसाका शाखेने शाळांची देशव्यापी स्पर्धा सुरू केली. विरोधाने जेवढा खप वाढला, त्याहून स्पर्धेने जास्त वाढेल हे त्यांना कळलं असावं.

ही स्पर्धा भरते ते कोशिएन १९२४ मध्ये बांधलं हानशिन या खासगी रेल्वे कंपनीने. हिशेब सोपा होता. रुळाच्या कडेला मैदान बांधा, म्हणजे लोक तिकीट काढून येतील. पुढे हानशिन, हानक्यू, नानकाई, सेइबू अशा कितीतरी रेल्वे कंपन्यांचे स्वतःचे व्यावसायिक संघ झाले. आपल्याकडे राजे-महाराजांनी क्रिकेट पोसलं, इथे लोकलवाल्यांनी बेसबॉल पोसला.

ऑगस्टमध्ये कोशिएनला एकदा तरी जाऊन या. घामाच्या धारा. पिशवीत भरलेला फोडलेला बर्फ विकत मिळतो, 'काचिवारी' म्हणतात. तो आधी मानेवर ठेवायचा आणि वितळला की स्ट्रॉने प्यायचा. दोन्ही बाजूंच्या उंच स्टँडमध्ये शाळांचे बँड, पितळी वाद्यांचा नुसता दणदणाट. सामना सुरू होताना आणि संपताना भोंगा वाजतो. आतल्या भागात गवत नाही, काळी माती आहे. हरलेल्या संघातली पोरं रडत रडत गुडघ्यावर बसतात आणि ती माती ओंजळीने बुटाच्या पिशवीत भरून घरी नेतात. कॅमेरे अगदी जवळ नेऊन ते टिपतात, ते मला कधीकधी खटकतं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या रडण्याचा इतका सोहळा कशाला?

या मातीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५८ मध्ये ओकिनावातल्या शुरी हायस्कूलचा संघ कोशिएनला पहिल्यांदा आला. ओकिनावा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात. पोरं पहिलाच सामना हरली, माती घेतली आणि बोटीने घरी निघाली. नाहा बंदरावर अधिकाऱ्यांनी माती अडवली. परदेशची माती, वनस्पतिरोगाच्या नियमात बसत नाही. म्हणजे जपानी पोरांना जपानची माती परदेशी! ती समुद्रात टाकून दिली. हे वाचून जपान एअरलाइन्समधल्या हवाई सुंदरींनी कोशिएनवरचे खडे गोळा करून शाळेला पाठवले. दगडाला नियम लागू नव्हता. ते खडे बसवलेलं स्मारक आजही शाळेत आहे.

खडूस म्हातारा

लेख चांगला आहे, पण सिद्धांत जरा सोयीचा वाटला. 'नाकावर टिच्चून' वगैरे ऐकायला गोड. मग निकाराग्वाचं काय? १९१२ ते १९३३ अमेरिकन मरीन्स तिथे तळ ठोकून होते. पनामात कालव्यावर अमेरिकनच होते. दोन्हीकडे बेसबॉल जोरात आहे. इटलीत नेत्तुनोला तर १९४४ मध्ये अमेरिकन फौजा उतरल्या, नंतर त्यांच्या सैनिकांच्या दफनभूमीचं काम करणाऱ्यांनी गावातल्या पोरांना खेळ शिकवला आणि ते गाव इटलीतल्या बेसबॉलची राजधानी झालं. तिथे कोणाच्या नाकावर टिच्चलं कुणी? पैसा आणि फौज जाते तिथे खेळ जातो, एवढी साधी गोष्ट आहे. उगाच क्रांतीचा मुलामा नको.

तिसरा अंपायर

@खडूस म्हातारा, काका, तुम्ही येणार हे ठाऊक होतं. :)

नेत्तुनो मान्य. तिथे भांडण नव्हतं, मैत्रीच होती. पण नेत्तुनो एक गाव आहे. देश म्हणून इटली फुटबॉलचाच राहिला.

निकाराग्वात मात्र मरीन्सच्या आधीपासून, १८८० च्या दशकापासून बेसबॉल आहे. आणि फौज हेच कारण असेल तर मरीन्स हैतीतही होते, १९१५ ते १९३४. शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकातही होते, १९१६ ते १९२४. एकाच बेटाचे दोन भाग, दोन्हीकडे तेच सैन्य. पलीकडे बेसबॉल जीव की प्राण, आणि हैतीत सगळे फुटबॉलवाले. फरक कुठे पडला? पलीकडे क्यूबन लोकांनी क्लब आधीच उभे केले होते. मरीन्स आले तेव्हा त्यांना हरवायला संघ तयार होते.

पैशाचं म्हणाल तर तो मुद्दा बिनतोड आहे. कोबेकरांची रेल्वे झाली, कॅरिबियनात साखर कारखाने. त्यावर कुणीतरी लिहावं.

अनघा न्यूयॉर्ककर

साखरेवर मी लिहिते. आमच्या जवळच वॉशिंग्टन हाइट्स आहे, म्हणजे न्यूयॉर्कमधलं छोटं डोमिनिकनच. तिथे उन्हाळ्यात रस्त्यावर 'वितिया' चालतं: झाडूचा दांडा ही बॅट आणि पाण्याच्या मोठ्या बाटलीचं प्लॅस्टिकचं झाकण हा बॉल. झाकण फेकलं की हवेत असं वळतं, की भल्याभल्यांचा दांडा हवेत फिरतो. झाकण मारता येणाऱ्याला खरा चेंडू भोपळ्याएवढा दिसतो, असं तिथल्या एका आजोबांनी मला ऐकवलं.

आता क्रिकेटवाल्यांनो, कान द्या. डोमिनिकनच्या दक्षिण किनाऱ्यावर सान पेद्रो दे माकोरिस नावाचं साखरेचं गाव आहे. जगाला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) पुरवणारं गाव अशी त्याची ख्याती. सॅमी सोसा तिथला, टोनी फर्नांडेझ तिथला, रॉबिन्सन कानोही तिथलाच. आता तिथल्या आधीच्या पिढ्यांतली आडनावं बघा: ग्रिफिन, कार्टी, बेल. ही स्पॅनिश आहेत का? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून कारखान्यांनी ऊस तोडायला ब्रिटिशांच्या बेटांवरून मजूर आणले. त्यांना तिथे 'कोकोलो' म्हणतात. ते येताना क्रिकेट घेऊन आले. कारखान्यांच्या वस्त्यांवर त्यांचे क्रिकेटचे संघ होते, शिस्त होती, क्लबाची सवय होती. पुढच्या पिढीने क्रिकेट टाकून बेसबॉल धरला, पण ती संघटना तशीच कामाला आली. उसाच्या हंगामात माणसाला उसंत नाही आणि हंगामाबाहेर काम नाही. त्या रिकाम्या महिन्यांत खेळ फोफावला.

राजकारणीही मागे नव्हते. १९३७ ची गोष्ट. हुकूमशहा त्रुहियोने आदल्या वर्षी राजधानीचं नाव बदलून स्वतःचं ठेवलं होतं. त्याच्या नावाच्या शहराचा संघ हरून कसं चालेल? मग अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लीगमधून सॅचेल पेज, जॉश गिब्सन, कूल पापा बेल यांना डॉलर मोजून पळवून आणलं. ही माणसं तेव्हा मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, खेळू शकत नव्हती, रंगामुळे. क्यूबाचा मार्टिन दिहिगो, जो पिचिंगपासून सगळ्या जागा खेळायचा, तोही असाच बाहेर राहिला. पुढे क्यूबा, मेक्सिको आणि अमेरिका, तिन्हीकडच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव आहे. १९४७ मध्ये कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सनने तो बांध फोडला तेव्हा त्याच्या डॉजर्स क्लबने हंगामाआधीचा सराव हवानात ठेवला होता, कारण अमेरिकेच्या दक्षिणेत त्याला सुखाने सराव करू दिला नसता.

आज मेजर लीगमध्ये साधारण दर दहा खेळाडूंमागे एक डोमिनिकन असतो, आणि देशाची लोकसंख्या मुंबईहून कमी. पण या यशाची दुसरी बाजू फार उगाळली जात नाही. तिथे प्रत्येक अमेरिकन क्लबची अकादमी आहे, १९८७ मध्ये डॉजर्सनी काम्पो लास पाल्मास उभी केली तेव्हापासून हे मोठ्या प्रमाणावर वाढलं. करार सोळाव्या वर्षी होतो. म्हणून बारा-तेरा वर्षांची पोरं शाळा सोडून 'बुस्कोन' म्हणजे दलाल-कम-कोचकडे जातात. करार झाला तर बुस्कोनचा त्यात मोठा वाटा. बहुतेकांचा होतच नाही. वयाचे खोटे दाखले, इंजेक्शनं, सगळं झालेलं आहे तिथे. तिसरा अंपायर म्हणतात ती 'नाकावर टिच्चून' वाली गोष्ट इथे संपते. आता तिथे बेसबॉल म्हणजे गरिबीतून बाहेर पडायचं एक अरुंद दार आहे, आणि दारावर अमेरिकन कंपनीचाच माणूस बसलाय.

खडूस म्हातारा

+१ अनघाताई. मी हेच म्हणत होतो, फक्त तुम्ही नीट म्हणालात.

गल्लीतला ओपनर

योकोहामाचा किस्सा वाचताना मला सारखं बॉम्बे जिमखाना डोळ्यासमोर येत होतं. तिथेही हेच: मैदान साहेबाचं, देशी माणसाला प्रवेश नाही. पारशांनी १८४८ मध्ये स्वतःचा क्लब काढला. साहेबांचे पोलोचे घोडे त्यांच्या खेळायच्या जागेची नासाडी करत, त्यावरून वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या झाल्या. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना हरवलं. त्या संघात आपले पाळवणकर बाळू होते, चांभार समाजातले. मैदानावर त्यांच्या गोलंदाजीवर विकेट मिळवायच्या आणि चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या कपात द्यायचा, असे दिवस होते ते. म्हणजे एकाच सामन्यात नाकं दोन, आणि बाळूंनी दोन्हींवर टिच्चलं.

मग 'आपल्याकडे बेसबॉल का नाही' याचं उत्तर त्यातच आलं. साहेबाला हरवायची जागा क्रिकेटने आधीच अडवली होती.

आणि एक शंका. योकोहामात ब्रिटिशही होते ना? त्यांचं क्रिकेट जपान्यांनी का नाही उचललं?

तिसरा अंपायर

@गल्लीतला ओपनर, सुंदर प्रतिसाद. तो दोन नाकांचा मुद्दा मला सुचायला हवा होता.

योकोहामात क्रिकेट बेसबॉलच्याही आधी होतं. १८६८ मध्ये तिथे क्रिकेट क्लब निघाला. पण ब्रिटिशांनी ते आपल्या क्लबात आपल्यापुरतं ठेवलं आणि अमेरिकन माणसं शाळांतून शिक्षक म्हणून बसली. मेइजी काळात (१८६८ नंतर) सरकारने शिक्षणासाठी अमेरिकेतून मास्तर आणले, पोरं तिकडे पाठवली. खेळ शाळेच्या मैदानावरून गेला.

चीनचंही एक उदाहरण आहे. १८७० च्या दशकात चिनी सरकारने मुलं कनेक्टिकटला शिकायला पाठवली. त्यांनी तिथे बेसबॉलचा संघ काढला. ही पोरं फार अमेरिकन व्हायला लागली म्हणून १८८१ मध्ये सगळ्यांना परत बोलावलं. बोटीची वाट बघत असताना कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या स्थानिक संघाने त्यांना सामन्याला बोलावलं, चिनी काय खेळणार म्हणून. पोरं जिंकली आणि बोटीत बसली. पण चीनमध्ये पुढे काही झालं नाही, कारण परत गेल्यावर त्यांच्यामागे ना शाळा होती, ना रेल्वे, ना वर्तमानपत्र.

शिंचूची पाहुणी

चिप कंपनीच्या कामानिमित्त तैवानात आहे. इथे ५०० डॉलरची नोट हातात घेतली की तिच्यावर बेसबॉल खेळणारी शाळकरी पोरं टोप्या उडवताना दिसतात. नोटेवर खेळ छापणारा देश म्हटल्यावर काय ते समजा.

इथे बेसबॉल आणला जपान्यांनी, १८९५ पासून तैवान त्यांची वसाहत होतं. १९३१ मध्ये च्यायीच्या कृषी शाळेचा संघ (जपानी उच्चार 'कानो') कोशिएनला गेला. संघात जपानी, हान चिनी आणि इथले आदिवासी, तिन्ही. कोच कोंदो ह्योतारो जपानी. थेट अंतिम फेरीत पोचले, ४-० हरले, पण नाव करून आले. नंतर १९६८ मध्ये डोंगरातल्या होंगये नावाच्या बुनुन आदिवासी वस्तीतल्या शाळेच्या पोरांनी जपानहून आलेल्या संघाला ७-० हरवलं आणि तैवानभर बेसबॉलची लाट आली. त्यात काही पोरं जास्त वयाची, दुसऱ्याच्या नावावर खेळली होती हे नंतर उघड झालं, पण लाट काही ओसरली नाही. पुढच्याच वर्षी तैवानच्या पोरांनी अमेरिकेत जाऊन लिटल लीग या लहान मुलांच्या जागतिक स्पर्धेचं विजेतेपद आणलं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रीमियर १२ या देशांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, टोकियो डोममध्ये, तैवानने जपानला ४-० हरवलं. त्या रात्री इथे कुणी झोपलं असेल असं वाटत नाही. तिसरा अंपायरांच्या सिद्धांताला हे चांगलंच लागू पडतं, फक्त इथे 'साहेब' जपानी.

नेमस्त

मग महायुद्धात जपानने बेसबॉल बंद केला असेल ना? शत्रूचाच खेळ तो.

कोबेकर

@नेमस्त, नाही! हीच तर गंमत. इंग्रजी शब्द काढून टाकले, स्ट्राइकला 'योशी' म्हणू लागले, गणवेशावरची रोमन अक्षरं गेली, पण व्यावसायिक लीग १९४४ पर्यंत चालू होती.

त्या लीगची मुळं १९३४ च्या दौऱ्यात आहेत. योमिउरी वर्तमानपत्राच्या शोरिकी मात्सुतारोने अमेरिकेचा सर्वांत गाजलेला खेळाडू बेब रूथ याला आणि त्याच्या संघाला जपानात आणलं. रस्त्यावर तोबा गर्दी. २० नोव्हेंबरला शिझुओकात सावामुरा एइजी नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने गेरिंगर, रूथ, गेरिग आणि फॉक्स यांना ओळीने स्ट्राइकआउट, म्हणजे तीन-तीन स्ट्राइकवर बाद, केलं. सामना १-० ने गेला, गेरिगच्या एका होम रनवर (म्हणजे आपल्या षटकारासारख्या फटक्यावर), पण आजही जपानी माणूस तो पराभव विजयासारखा सांगतो. शोरिकीवर मात्र पुढच्या वर्षी एका कडव्या राष्ट्रवाद्याने तलवारीने हल्ला केला. परक्यांना डोक्यावर बसवलं, हा त्याच्यावरच्या रागातला एक मुद्दा. वाचला तो. सावामुरा नाही वाचला: वारंवार सैन्यात बोलावणं आलं, हातबॉम्ब फेकून फेकून खांदा गेला आणि डिसेंबर १९४४ मध्ये त्याची बोट अमेरिकन पाणबुडीने बुडवली. दरवर्षीच्या सर्वोत्तम पिचरला त्याच्या नावाचा पुरस्कार देतात.

(त्या दौऱ्यात मो बर्ग नावाचा कॅचरही होता. त्याने टोकियोच्या एका रुग्णालयाच्या गच्चीवरून शहराचं गुपचूप चित्रीकरण केलं. पुढे तो अमेरिकेचा अधिकृत हेर झाला.)

मराठवाड्याचा गडी

आपल्याकडे अगदीच नाही असं म्हणू नका राव. महाराष्ट्रात शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळले जातात, शिवछत्रपती पुरस्कारही मिळतात त्यात. आमच्या शाळेत तर अर्धी पोरं क्रीडागुणांसाठी सॉफ्टबॉलला नाव द्यायची. एकच ग्लोव्ह चांगला, तो पहिल्या बेसवाल्याला. बाकीचे वर्गातला डस्टर धरल्यासारखा हात धरून उभे. जिल्ह्याला गेलो की पंच आणि आम्ही मिळून नियम ठरवायचो. गुण मिळाले की खेळ सुटला, तो कायमचा.

मणिपूरला मात्र मनापासून खेळतात. इंफाळला महायुद्धात अमेरिकन हवाई दलाची माणसं होती, त्यांच्यामुळे आला असं तिथले लोक सांगतात. आणि २००८ मध्ये उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू वेगाने चेंडू टाकायची टीव्ही स्पर्धा खेळून थेट पिट्सबर्ग पायरेट्सच्या करारापर्यंत पोचले होते. मेजर लीगला कुणी पोचलं नाही, पण करार खरा होता.

खडूस म्हातारा

इंग्लंडचं राहिलंच की. ज्यांच्यामुळे आपल्याकडे क्रिकेट आलं त्यांनी स्वतः बेसबॉलचं काय केलं?

तिसरा अंपायर

@खडूस म्हातारा, १९३८ मध्ये जगज्जेते झाले!

खरंच. हौशी खेळाडूंची पहिली जागतिक स्पर्धा म्हणून पुढे जी मानली गेली, ती मालिका इंग्लंडमध्ये झाली आणि ग्रेट ब्रिटनने अमेरिकेला ४-१ हरवलं. संघात कॅनडात वाढलेले बरेच होते ते सोडा. त्याआधी १८९० मध्ये डर्बीच्या एका कारखानदाराने, फ्रान्सिस लेने, कामगारांसाठी बेसबॉलचं मैदान बांधलं. बेसबॉल बंद पडला आणि तिथे डर्बी काउंटी फुटबॉल खेळू लागला, १८९५ पासून १९९७ पर्यंत. मैदानाचं नाव शेवटपर्यंत 'बेसबॉल ग्राउंड'च होतं. १९३० च्या दशकात फुटबॉलवरच्या पैजांतून श्रीमंत झालेल्या जॉन मूर्सने पुन्हा पैसा लावला, लीग उभी राहिली, गर्दीही जमायला लागली, आणि महायुद्धाने सगळं गुंडाळलं. युद्धानंतर कुणाला त्याची आठवणही झाली नाही. जपानात १९४५ च्या नोव्हेंबरमध्येच, शहरं जळून राख झालेली असताना, व्यावसायिक खेळाडूंचे सामने पुन्हा सुरू झाले होते.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल दोन्ही आहेत. त्याआधी नेमस्त यांच्यासाठी नियमांचा वेगळा धागा टाकतो. कोरियाबद्दल कुणाला लिहायचं असेल तर जरूर लिहा, मी मुद्दाम सोडलंय.